डांबराखालचा गंज

गोंदिया जिल्ह्यात भाताच्या गिरणीमागच्या शेडमध्ये किंवा घराच्या पडवीत विटांवर चढवून ठेवलेली एखादी जुनी अँबेसेडर किंवा फियाट अजूनही आढळते. ती पुन्हा चालती करावी, असे घरातल्या कोणाला तरी वाटू लागते. इंजिन दुरुस्त केले, पत्रा ठोकून सरळ केला आणि रंग दिला की काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात अशा गाडीची खरी परीक्षा तिच्या पोटाखाली होते. तेथे जाड काळा थर असतो आणि तो शाबूत दिसतो, म्हणून आतला पत्राही शाबूत असेल असे आपण धरून चालतो. हे गृहीतक कितपत बरोबर आहे, ते या लेखात पाहू.

जुन्या जीपला खाली लोखंडी चासी असते आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असते. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बनलेली अँबेसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, यांची रचना वेगळी आहे. त्यांत खालचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि छताचे खांब मिळूनच गाडीचा सांगाडा तयार होतो. म्हणून जमिनीचा पत्रा गंजणे म्हणजे घराचे प्लास्टर पडणे नव्हे. ते भिंतच पोकळ होण्यासारखे आहे.

थर रक्षक की झाकण?

चाकांनी उडवलेले खडे, पाणी आणि चिखल यांपासून पत्रा वाचावा म्हणून गाडीखाली डांबर किंवा रबर मिसळलेला लेप देतात. यालाच गॅरेजमध्ये अंडरकोटिंग म्हणतात. लेप पत्र्याला घट्ट चिकटलेला असेल तोवर तो उत्तम काम करतो. परंतु वर्षानुवर्षांच्या ऊन-थंडीने त्याला बारीक भेगा पडतात. भेगेतून पाणी आत शिरते आणि वरच्या थरामुळे ते लवकर वाळत नाही. त्यातच धानाच्या बांधीतला चिकट चिखल चाकांच्या कमानीत थापला गेला, तर पावसाळा संपला तरी पत्रा ओलाच राहतो. युरोप-अमेरिकेत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ मोटारी गंजवते. गोंदियात रस्त्यावर मीठ नाही आणि समुद्रही शेकडो किलोमीटर दूर आहे. येथे मुख्य शत्रू म्हणजे अडकून राहिलेले पाणी.

गंजायला ऑक्सिजन लागतो, असे आपण शिकवतो. मग झाकलेल्या जागी गंज जास्त का? याचे उत्तर वर्गात दाखवता येते. १०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम मीठ, चिमूटभर पोटॅशियम फेरीसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब घाला. जस्ताचा मुलामा नसलेला लोखंडी पत्रा पॉलिश पेपरने घासून त्यावर या द्रावणाचा मोठा थेंब ठेवा. काही मिनिटांत थेंबाचा मध्य निळा आणि कड गुलाबी होते. कडेला हवेतला ऑक्सिजन सहज मिळतो. तेथे तो इलेक्ट्रॉन घेतो आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात, म्हणून गुलाबी रंग. हे इलेक्ट्रॉन पुरवते ते ऑक्सिजन कमी असलेल्या मध्यभागातले लोखंड. ते विरघळते, म्हणून तेथे निळा रंग. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांच्या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. थेंबाच्या जागी लेपाखालचे पाणी कल्पावे: भेगेपाशी ऑक्सिजन भरपूर आणि आत कमी, त्यामुळे पत्रा खातो तो आत, डोळ्यांआड. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो फुगतो, लेप उचलतो आणि आणखी पाण्याला वाट देतो.

थंडीत ठिसूळ, उन्हात मऊ

मग हा थर काढायचा कसा? त्यासाठी डांबराचा स्वभाव ओळखावा लागतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथील क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये डांबरासारखाच एक पदार्थ, पिच, नरसाळ्यात भरून ठेवला. हातोडीने फुटणारा हा पदार्थ द्रवासारखा वाहतो. मात्र २०१४ पर्यंत त्याचे फक्त नऊ थेंब पडले. असा पदार्थ ठिसूळ वागणार की मऊ, हे तापमानावर आणि घावाच्या वेगावर ठरते.

गोंदियात निसर्गच हे दोन्ही टोकांचे तापमान पुरवतो. जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असताना छन्नीच्या हलक्या, झटपट घावांनी जुना थर कपच्यांनी निघतो. मे महिन्याच्या दुपारी तोच थर मऊ होतो. तेव्हा ठोकण्याऐवजी पत्र्याच्या रुंद पट्टीने सावकाश खरवडावा. परदेशात काही कारागीर यासाठी उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ वापरतात. १०० अंशांनी थंड झाल्यावर १ मीटर पोलाद जेमतेम १.२ मिलिमीटर आकसते. डांबर त्याच्या दहा-पंधरा पट आकसू पाहते. या ओढाताणीत दोघांची पकड सुटते.

उरलेला काळा डाग पाण्याने जात नाही, घासलेटाने जातो, कारण दोन्ही पदार्थ हायड्रोकार्बन कुळातले आहेत. मात्र उष्णता आणि घासलेट कधीही एकत्र आणू नये. पेट्रोलला तर हातच लावू नये. कामाआधी पेट्रोलची टाकी आणि बॅटरी उतरवावी. डांबर लागलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करू नये.

धुळीचा धोका

मराठीत आपण खनिज तेलापासूनच्या आणि दगडी कोळशापासूनच्या, दोन्ही काळ्या पदार्थांना डांबरच म्हणतो. त्यांपैकी दुसरे जास्त घातक. १९१५ मध्ये यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांवर कोळशाचे डांबर वारंवार लावून कर्करोग निर्माण करून दाखवला. जुन्या काही लेपांत ॲस्बेस्टॉसचे तंतूही मिसळलेले असत. ते डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाहीत. तुटलेल्या कडेला तंतू दिसले तर खरवडणे तेथेच थांबवावे. थराखालचा विटकरी रंग बहुधा रेड ऑक्साइडचा, म्हणजे लोखंडाच्याच ऑक्साइडचा असतो. पण तो भडक नारिंगी असेल, तर तो शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड असू शकते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते.

म्हणून थर ओला करून खरवडावा आणि ग्राइंडरला फिरणारा तारेचा ब्रश लावू नये. हातमोजे, चष्मा आणि चांगला मुखपट्टा हवाच. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही, हे गॅरेजमधल्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे. कपच्या गोळा करून बंद पिशवीत भराव्यात. अंगणात पसरू देऊ नयेत किंवा चुलीत जाळू नयेत. गाडी विटांवर तर मुळीच ठेवू नये. वीट ठिसूळ असते आणि एकवटलेल्या भाराखाली अचानक फुटते. जॅक फक्त उचलण्यापुरता. गाडीखाली जाण्यापूर्वी भक्कम लोखंडी स्टँड लावावेत.

हिरड्याची मदत

उघड्या पडलेल्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटत जावे. टणक आवाज आला तर पत्रा ठीक, बद्द आवाज आला तर शंका घ्यावी. लोहचुंबक चिकटत नसेल तर तेथे पुट्टी भरलेली आहे. पातळ झालेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो. वरवरच्या गंजासाठी बाजारात मिळणाऱ्या काही द्रावणांत टॅनिक आम्ल असते. त्याच कुळातली द्रव्ये पूर्व विदर्भाच्या जंगलातल्या हिरड्यात भरपूर आहेत. हिरड्याच्या काढ्यात गंजका खिळा टाकून मुलांना दाखवा: काढा शाईसारखा काळा होतो. लोखंड आणि टॅनिन यांच्या अशाच संयुगाचा थर गंजावर बसतो. त्यावर प्रायमर, रंग आणि शेवटी नवा लेप द्यावा. पण पत्रा पूर्ण कोरडा झाल्यावरच.

सगळाच जुना लेप काढण्याची गरज नसते, हेही ध्यानात ठेवावे. बोथट सुरीने टोचून पाहावे. जो थर उचलला जात नाही तो आपले काम करतो आहे, त्याला तसाच राहू द्यावा. जो सहज उचलला जातो त्याच्याखाली मात्र अवश्य पाहावे. दारांखालची पाणी निचरण्याची भोके मोकळी ठेवणे आणि पावसाळ्यानंतर चाकांच्या कमानीतला चिखल धुऊन काढणे, ही दोन बिनखर्चाची कामे नियमित झाली तर जुना पत्रा आणखी बरीच वर्षे टिकेल.