आजीच्या ओव्या तबकडीवर

आपल्या मुळशीच्या बाया पहाटे जात्यावर बसत आणि ओव्या म्हणत. पुढे गिरणी आली. जाते अंगणाच्या कोपऱ्यात गेले. ओव्या मात्र म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या दोघांनी त्या जमवल्या. आपल्या तालुक्यातल्या आणि साऱ्या महाराष्ट्रातल्या मिळून लाखाच्या वर ओव्या झाल्या. २०१७ सालापासून पारी या संस्थेने त्या जगापुढे मांडल्या.

पण आपल्या घरच्या आजीचे काय? नातू मोबाईलवर तिचे चित्रण करतो. ओवी, हसू, हातवारे, सारे त्यात येते. मोबाईल ओढ्यात पडला की सारे गेले! म्हणून कोणी कोणी ते तबकडीवर, म्हणजे डीव्हीडीवर, उतरवून घेतात. लग्नाची सीडी आपण पाहिली आहे, तशीच ही.

आता गंमत ऐका. तबकडी दुकानातून घरी आणली. यंत्रात घातली. पडद्यावर काहीच येईना! तबकडी खराब आहे का? नाही. आजी तिच्यावर आहेच. यंत्राला ती वाचता येत नाही.

असे का होते? आपण मराठी वाचायला शिकलो. आपले पुस्तक कुणी कानडी अक्षरांत छापले तर? गोष्ट तीच, पण आपल्याला एक अक्षर लागायचे नाही. यंत्राचे तसेच आहे. मोबाईल चित्रण एका लिपीत लिहितो. घरच्या जुन्या यंत्राला दुसरीच लिपी येते. तिचे नाव एमपेग-दोन. म्हणून नुसती नक्कल करून भागत नाही. संगणकावर आधी लिपी बदलावी लागते. मग लेसरचा किरण तबकडीवर लिहितो. तबकडीत रंगाचा पातळ थर असतो. किरण त्यावर बारीक खुणा भाजतो. यंत्र त्या खुणा वाचते.

लिपी बदलताना थोडे गळते. दळताना थोडे पीठ जात्याला लागून राहते ना, तसेच. डीव्हीडीचे चित्र ७२० ठिपके रुंद आणि ५७६ ठिपके उंच असते. मोबाईलचे बहुधा याहून पुष्कळ मोठे. म्हणून तबकडी मिळाली तरी मोबाईलमधले मूळ चित्रण पुसू नका! ते पेनड्राइव्हवरही ठेवा. नव्या टीव्हीला पेनड्राइव्ह लागतो. ज्यांच्या घरी तबकडीचे यंत्रच नाही, त्यांनी हा खटाटोप करूच नये असे आम्ही म्हणतो.

एका साध्या तबकडीत ४.७ जीबी एवढी जागा असते. तीत सुमारे दोन तासांचे चित्रण नीट बसते. एकच तास भरला तर चित्र अधिक स्वच्छ. चार तास कोंबले तर आजीचा चेहरा पुसट दिसेल.

दुकानदाराला स्पष्ट सांगा, "घरच्या डीव्हीडीवर चालली पाहिजे." पैसे देण्याआधी ती तिथेच लावून पाहा. संगणकावर नको. संगणक पुष्कळ लिप्या वाचतो, त्यामुळे खोट कळत नाही. साध्या यंत्रावर लावायला सांगा. आवाजही ऐका.

तबकडी कडेला धरावी. उन्हात ठेवू नये. वरच्या बाजूला आजीचे नाव, गाव आणि साल आपल्या हाताने लिहावे. त्याला मऊ टोकाचे शाईचे पेन घ्यावे. बॉलपेनने ओरखडा पडतो.