लोणार : विज्ञानाची उघडी शाळा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे वर्षभर भाविक व पर्यटक येत असतात. दैत्यसूदनाच्या मंदिरातील शिल्पे पाहावीत, गोमुखाच्या धारेखाली स्नान करावे, काठावरून सरोवराकडे एक दृष्टी टाकावी आणि परतावे, असा बहुतेकांचा क्रम असतो. लवणासुराची कथा येथे सर्वांना ठाऊक असते. मात्र पायाखालचा कातळ कोणती कथा सांगतो, याची विचारपूस क्वचितच होते. ती व्हावी, आणि आईवडिलांनी मुलांसह ती करावी, यासाठी लोणारइतके सोयीचे स्थळ महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल.

विवराची ओळख

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. या काळ्या कातळावर पुढे एक अशनी येऊन आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर निर्माण झाले. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. हे विवर ज्वालामुखीचे असावे, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. १९७३ साली अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या व भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संशोधकांनी येथील खडकांत प्रचंड आघातानेच तयार होणारी काच आढळल्याचे प्रसिद्ध केले आणि आघाताचे मत दृढ झाले. विवराचे वय पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे मानले जाई. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दुसऱ्या पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. पुरावा बदलला की निष्कर्ष तपासून घ्यावा लागतो, हा विज्ञानाचा पहिला धडा येथे आपोआप मिळतो.

गुलाबी पाण्याचा धडा

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी दिसू लागले. नाना तर्क निघाले. हा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही आला आणि पाण्याचे नमुने तपासण्यात आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असल्याचे दिसून आले. पाऊस व ताज्या पाण्याची आवक कमी, बाष्पीभवन अधिक, त्यामुळे क्षारता वाढली आणि गुलाबी रंगद्रव्य असलेल्या या जीवांना अनुकूल स्थिती लाभली. नमुना काही काळ स्थिर ठेवला असता रंगीत द्रव्य तळाशी बसले व वरचे पाणी स्वच्छ झाले. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यातील जीवांचा होता. जी शंका गावोगाव चर्चिली गेली, तिचे उत्तर एका बाटलीने दिले.

घरच्या घरी करता येणारे प्रयोग

अशी बाटली प्रत्येक शाळेत असू शकते. पुढील प्रयोगांना खर्च जवळजवळ नाही.

परातीत राखेचा जाड थर पसरून वर पिठाचा पातळ थर द्यावा आणि त्यावर निरनिराळ्या उंचीवरून गोटी सोडावी. उंची वाढेल तसा खड्डा मोठा होतो, कडा उचलल्या जातात आणि आतील राख बाहेर फेकली जाते. लोणारच्या विवराची कडाही आसपासच्या जमिनीहून उंच आहे. तिचे कारण मुलांना परातीत दिसते. प्रत्यक्ष अशनीचा वेग मात्र इतका प्रचंड असतो की तेथे स्फोटच होतो, हेही सांगावे.

सरोवराचे पाणी अल्कधर्मी आहे, तर वर गोमुखाची धार गोडी. हा भेद समजण्यासाठी कागदाला हळदीचे पाणी लावून वाळवावे. साध्या पाण्याने तो पिवळाच राहतो. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाने लालसर होतो. कुंकू तयार करताना हळद लाल होते, त्यामागेही हाच गुणधर्म असतो.

तिसरा प्रयोग सूर्याचा. सूर्य रोज दुपारी बरोबर डोक्यावर येतो, ही समजूत चुकीची आहे. लोणारला तो वर्षातून दोनदाच, २० मे व २३ जुलैच्या सुमारास, माथ्यावर येतो. त्या दिवशी साधारण साडेबाराच्या आसपास उभ्या काठीची सावली नाहीशी होते. उत्तरेकडील बुलढाण्यास मे महिन्यात हा दिवस दोन-तीन दिवस उशिरा आणि जुलैमध्ये तितकाच आधी येतो. दोन गावांतील शाळांनी नोंदी ताडून पाहिल्यास पृथ्वी गोल असल्याचा पुरावा मुलांच्या हाती येतो. मे महिन्यात शाळांना सुटी असते. तेव्हा हा कार्यक्रम ग्रामपंचायतीच्या अंगणात घेणे इष्ट.

जबाबदारी

१९८७ पासून २८ फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. १९२८ साली याच दिवशी रामन परिणामाचा शोध लागला. त्या निमित्ताने शिक्षकांनी वरील प्रयोगांची मांडणी करावी, पंचायत सदस्यांनी पालकांना निमंत्रित करावे आणि मुलांनीच त्यांना ते समजावून सांगावेत. प्रदर्शन पाहून विसरले जाते. स्वतः केलेला प्रयोग स्मरणात राहतो.

विवराची सहल काढताना मात्र एक भान हवे. हा परिसर अभयारण्य असून नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवरास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे. येथील दगड उचलून नेऊ नयेत, परवानगीवाचून पाणी घेऊ नये, कचरा टाकू नये. गावाचे सांडपाणी सरोवरात न जाणे हेही तितकेच महत्त्वाचे. कारण पाण्याची घडण बदलली, तर त्यातील जीवसृष्टीही बदलते. आघाताच्या खुणा एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. ज्या मुलाने परातीत विवर तयार केले, ते काठावरचा दगड खिशात घालताना थबकेल. लोणारचे रक्षण कायद्याने होईलच, पण ते टिकेल अशा जाणत्या मुलांमुळे.