निराधारचा पगार का अडतो?



कागदावर त्याचे नाव 'अर्थसहाय्य' आहे. पण आपल्या अंबड-घनसावंगीकडे, तसेच परतूर, मंठ्यातही म्हाताऱ्या बायका त्याला 'पगार'च म्हणतात. शब्द बरोबरच आहे. जिने जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर खुरपणी केली, तिच्या हातात स्वतःच्या नावाचा पैसा बहुधा याच रूपाने पहिल्यांदा येतो. त्यातून गोळ्या-औषधे येतात, नातवाला खाऊ येतो आणि घरात तिच्या शब्दाला थोडे वजन येते. म्हणून हा पगार थांबला की नुसते पैसे थांबत नाहीत.

संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात १९८० साली सुरू झाली. म्हणजे आपला जालना जिल्हा होण्याच्याही आधी. जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. निराधार, विधवा आणि दिव्यांग यांना तीतून दरमहा मदत मिळते. जुलै २०२३ पासून ही रक्कम १,५०० रुपये झाली आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये. दिव्यांग म्हणून लाभ घ्यायचा तर किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो.

पगार थांबला की गावात म्हणतात, "तहसीलनं नाव काढलं." म्हातारी ते ऐकते आणि गप्प बसते. आम्हाला सांगायचे आहे ते इतकेच की, पगार अडणे आणि नाव कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडलेला पगार कुठे अडला हे शोधता येते. अडण्याच्या जागा मुख्यतः पाच आहेत.

पहिली जागा बँक खात्याची. पूर्वी तहसीलमधून यादी आणि रक्कम बँकेत जाई. डिसेंबर २०२४ पासून रक्कम 'डीबीटी' पद्धतीने, म्हणजे आधार क्रमांकावरून थेट खात्यात पाठवायला सुरुवात झाली. या पद्धतीत पैसे पासबुकातल्या जुन्या खात्यावर जातीलच असे नाही. जे खाते आधारला सर्वांत शेवटी जोडले गेले, त्या खात्यावर ते जातात. कुणीतरी गावात येऊन अंगठा घेऊन नवे खाते उघडून दिले असेल, तर पगार तिथे जमा होत असेल आणि म्हातारी इकडे जुन्या बँकेच्या खेपा घालत असेल! म्हणून आधी कोणते खाते जोडलेले आहे ते बँकेत किंवा सेवा केंद्रात पाहून घ्यावे. आधारबद्दलची विचारपूस १९४७ या क्रमांकावर फोन करूनही होते.

दुसरी जागा नावाची. आधारवर सासरचे नाव, मंजुरीच्या यादीत वेगळे, बँकेत तिसरेच. माणसाला कळते की बाई एकच आहे. यंत्राला कळत नाही. तिन्हीकडे नाव एकसारखे करून घ्यावे. मोळ्या बांधून आणि खुरपे धरून बोटांच्या रेषा झिजतात, मग अंगठा उमटत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीची सोय मागावी.

तिसरी जागा हयातीच्या दाखल्याची. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी दाखवावे लागते. आपल्याकडची अडचण अशी की, दिवाळीनंतर मुलगा-सून ऊसतोडीला जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत. घरी उरते म्हातारी आणि लहान नातवंडे. तिला तहसीलला न्यायचे कोणी? म्हणून टोळी निघण्यापूर्वी आईच्या कागदांचे काय, हे मुलाने पाहावे आणि शेजारच्या एका माणसाला सांगून जावे. बाई अंथरुणाला खिळलेली असेल तर घरी येऊन पडताळणी करावी, असा लेखी अर्ज द्यावा.

चौथी जागा अपंगत्वाच्या दाखल्याची. काही दाखले कायमचे असतात, काही ठरावीक मुदतीचे. मुदत संपली की पुन्हा तपासणी आली. ज्या बाईला बसमध्ये चढता येत नाही, तिलाच दाखल्यासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या खेपा घालाव्या लागतात, ही खरोखर उलटी गोष्ट आहे. निदान मुदतीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवावी.

पाचवी जागा वयाची. संजय गांधी योजना ६५ वर्षांपर्यंतची. पुढे श्रावणबाळ योजना लागते. एका फाईलमधून दुसऱ्या फाईलमध्ये जाताना पगार रेंगाळू शकतो. तिथे नाव केवळ 'वृद्ध' म्हणून चढले, तर दिव्यांगाची जादा रक्कमही हातची जाते. तेव्हा नव्या प्रकरणातही अपंगत्वाची नोंद झाली का, ते विचारावेच.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल मात्र आम्ही स्पष्ट बोलतो. उसाचे चांगले बिल घेणाऱ्या मुलाने आईच्या नावावर खोटा दाखला काढू नये. खोट्या नावांमुळे चौकशी लागते आणि चौकशीत खरी गरजू म्हातारी भरडली जाते.

आता करायचे काय? तहसीलमधल्या संजय गांधी योजनेच्या टेबलावर तोंडी विचारू नका. "पगार कोणत्या महिन्यापासून आणि कोणत्या कारणाने थांबला, ते लेखी कळवावे," असा साधा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली, म्हणजे २००५ च्या कायद्याने, अर्ज करा; त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही.

ही मेहरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सांगतो की, दिव्यांगांना मिळणारी मदत तशाच योजनेतल्या इतरांपेक्षा किमान २५ टक्क्यांनी जास्त असावी. हक्क कायद्याने दिला. पण तो तहसीलच्या पायऱ्या चढून मागायची ताकद कायद्याने येत नाही. ती आपण द्यायची.

उसाच्या वजनात किलोचा फरक पडला तरी आपण काट्यावर उभे राहून भांडतो. आपल्या गल्लीतल्या म्हातारीचा पगार चार महिने आला नाही, तर तिचे पासबुक हातात घेऊन एक दिवस तिच्याबरोबर उभे राहणे सभासदाला जड नाही.