वीज गेली तर मासे कसे जगवावेत?

आमच्या घरात मासा म्हणजे पाटीतला मासा. आई बाजारात मासळी विकते, वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहेत. कल्ला उघडून मासा ताजा की शिळा हे ओळखायला मी बाराखडीच्या आधी शिकले. पण मासा जिवंत कसा ठेवावा, हा प्रश्न आमच्या घराण्यात कधी कोणाला पडला नव्हता. तो मला वयाच्या चौदाव्या वर्षी पडला आणि त्याचे उत्तर सापडेपर्यंत सहा मासे माझ्या हातून मेले.

ही गोष्ट २०२० सालची, श्रीवर्धनकडच्या आमच्या गावातली. मासळी विकून झाल्यावर आई एका लॉजवर सफाईचे काम करी. मार्चपासून टाळेबंदीमुळे लॉज बंद, मालक मुंबईत अडकलेले. किल्ली आईकडे आणि किल्लीबरोबर दिवाणखान्यातली तीन फूट लांबीची काचेची टाकीही आमच्याकडे आली. तीत साधारण शंभर लिटर पाणी आणि वीस मासे होते : सहा गोल्डफिश, आठ मॉली, दोन एंजल आणि चार निळसर गुरामी. एकेका एंजलची किंमत ऐकून आई हसली होती. तेवढ्या पैशांत आमचे दोन दिवसांचे कालवण झाले असते.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून पडले. आमच्या घरावरची कौले उडाली, म्हणून आई आणि मी लॉजच्या दिवाणखान्यात अंथरूण टाकले. मालकांना विचारावे तर फोन बंद. त्यांच्या छपराखाली न विचारता राहायचे आणि त्यांचेच मासे मरू द्यायचे, याची आईला फार लाज वाटत होती.

पंप बंद पडलेला. रात्री कंदिलाच्या उजेडात पाहिले तर बहुतेक मासे वर येऊन तोंड उघडझाप करीत होते. मला वाटले, बिचारे भुकेले आहेत. मी दोन चिमटी खाद्य टाकले. खाल्ले नाही म्हणून आणखी एक चिमूट टाकले. पहाटे चार गोल्डफिश आणि दोन्ही एंजल पोट वर करून तरंगत होते.

आई रागावली नाही. एवढेच म्हणाली, ‘‘अगं, ते खायला नव्हते मागत. जाळ्यातनं काढलेला मासा असंच तोंड करतो.’’

आई शाळेत गेलेली नाही, पण तिचे निदान अचूक होते. त्यामागचे शास्त्र मात्र मला पुढे कॉलेजात आल्यावर, प्राणिशास्त्राच्या सरांना गाठून समजून घ्यावे लागले. (माझा विषय इतिहास. सरांनी तरीही दोन तास खर्च केले.) हवेचा एकपंचमांश भाग प्राणवायू असतो. पाण्यात तो फारच थोडा विरघळतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे आमच्या शंभर लिटरच्या त्या भरलेल्या टाकीत जेमतेम पाऊण ग्रॅम प्राणवायू! तेवढा तर तीन लिटर हवेत असतो. पाणी थंड असेल तर थोडा अधिक मावतो. २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम. म्हणून उन्हाळ्यात वीज गेली की धोका जास्त.

हा साठा संपत जातो तसा वरून भरला जातो, पण फक्त पाणी आणि हवा जिथे भेटतात त्या पृष्ठभागातून. पाणी निश्चल असले की वरचा पातळ थर प्राणवायू घेतो आणि तो खाली सावकाश उतरतो. पंपाचे बुडबुडे पाण्यात प्राणवायू भरतात अशी माझी समजूत होती. ते काम थोडे होतेही, पण बुडबुड्यांचे मोठे काम पाणी ढवळण्याचे, खालचे पाणी वर आणण्याचे. म्हणजे वीज गेली की पाणी हलवायचे काम आपण करावे, हाच सगळ्याचा गाभा.

आणि खाद्य का घालू नये? खाल्ल्यावर माशाला पचनासाठी प्राणवायू अधिक लागतो. न खाल्लेले कुजते, तेही प्राणवायूच खाते. मी त्या रात्री दयेपोटी दोन्ही गोष्टी केल्या. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. पुढे आम्ही तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तेही दिवसा, चिमूटभरच घालत गेलो. टाकीतल्या वनस्पतींवरही भरवसा ठेवू नये. उजेडात त्या प्राणवायू देतात, अंधारात स्वतःच घेतात. म्हणून पहाटेची वेळ सर्वांत वाईट.

गुरामी मात्र चारही वाचले. त्यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक खास इंद्रिय असते, त्यामुळे ते वर येऊन थेट हवा घेतात. लहान बरणीत विकतात तो फायटर मासा याच गोत्रातला. पावसाळ्यात बाजारात येणारा मांगूर पाटीत तासन्‌तास वळवळत राहतो, तोही हवा घेऊ शकतो म्हणूनच.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तांब्याने टाकीतलेच पाणी काढून हातभर उंचीवरून परत ओतू लागलो. दर अर्ध्या तासाने पन्नास तांबे. संध्याकाळपर्यंत खांदे भरून आले. मग आईला शंकराच्या पिंडीवरचे अभिषेकपात्र आठवले. तिने दाभण तापवून जुन्या बादलीच्या बुडाला भोक पाडले, टाकीवर आडव्या फळीवर बादली ठेवली आणि टाकीतलेच पाणी तीत भरले. बारीक धार पाऊण तास चाले. पाणीही हलते आणि पडताना हवाही घेते. रात्री आळीपाळीने उठून बादली भरायची, एवढेच काम उरले. रोज चौथा हिस्सा पाणी काढून विहिरीचे घालत होतो. नळाचे घालायचे तर ते दिवसभर उघडे ठेवून क्लोरीन उडून जाऊ द्यावे. उरलेल्या चौदांतला एकही मासा पुढे मेला नाही.

काही गोष्टी ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांच्यासाठी. हवेचा पंप टाकीपेक्षा खाली ठेवू नका. वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे उतरते. आमच्याकडे पंप त्यानेच भिजला. नळीत बसवायची एकमार्गी झडप अगदी स्वस्त मिळते. गोल बरणी गळ्यापर्यंत भरू नये, जिथे ती सर्वांत रुंद तिथवरच भरावी, म्हणजे पृष्ठभाग मोठा राहतो. घरी इन्व्हर्टर असेल तर पाच वॅटचा पंप त्यावर जोडायला हरकत नाही. पंच्याहत्तर वॅटचा एक पंखा बंद केला तर तसे पंधरा पंप चालतील. पाणी फार तापले तर बर्फ थेट टाकू नका, झाकणबंद बाटलीत गार पाणी भरून ती तरंगत ठेवा. थंडीच्या गावी टाकीला घोंगडी गुंडाळावी.

अठराव्या दिवशी दिवे लागले. मी धावत फिल्टरचे बटण दाबायला गेले, तर आईने हात धरला. इतके दिवस पडून असलेली वस्तू धुतल्याशिवाय वापरायची नाही, ही तिची सवय. तिने डबी उघडली. आतला स्पंज काळा पडला होता आणि कुजक्या अंड्यांचा वास येत होता. माशांच्या मलमूत्रातला विषारी अमोनिया निवळून टाकणारे जिवाणू या स्पंजात राहतात. त्यांनाही प्राणवायू लागतो. पाणी वाहायचे थांबले की ते मरू लागतात आणि बंद डबीत घाण साचते. बटण दाबले असते तर ती सगळी टाकीत गेली असती. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून धुवावा, नळाच्या नाही, म्हणजे उरलेसुरले जिवाणू तरी वाचतात. नवी वस्ती वाढायला काही आठवडे लागतात, तोवर खाद्य कमी आणि पाणी बदलणे चालू. वीज गेल्याबरोबरच स्पंज डबीतून काढून टाकीत मोकळा ठेवायला हवा होता, हे मला नंतर कळले.

गणपतीच्या सुमारास मालक आले. आईने त्यांना आधी मेलेल्यांचा आकडा सांगितला, मग आम्ही तिथे झोपल्याचे सांगितले, मग उरलेले मासे दाखवले. ते बराच वेळ बादलीकडे पाहत होते. पुढच्या खेपेस त्यांनी सेलवर चालणारा पंप आणला. त्याचे सेल बदलायचे काम सुट्टीत घरी गेले की अजून माझ्याकडेच असते.