गुडघा टेकणारे खेळाडू आणि हुर्यो उडवणारे प्रेक्षक

इंग्लंडमधल्या फुटबॉल सामन्यांत 2020 च्या उन्हाळ्यापासून एक नवं दृश्य दिसू लागलं. सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघांचे खेळाडू आणि पंच काही सेकंद एक गुडघा जमिनीवर टेकवत, मग उभे राहत आणि खेळ सुरू होई. वर्णद्वेषाचा निषेध करण्याची ही खूण होती. या काही सेकंदांत गॅलरीतून कधी टाळ्या आल्या, कधी शिट्ट्या, तर कधी आपल्याच संघाच्या चाहत्यांनी उडवलेली हुर्यो. प्रेक्षकांचा हा प्रतिसाद पुढची दोन-तीन वर्षं इंग्लंडच्या सार्वजनिक जीवनातला मोठा वाद होऊन बसला.

खूण अमेरिकेतून आली होती. सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा खेळाडू कॉलिन केपर्निक 2016 मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहू लागला. कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचाराचा तो निषेध होता. नेट बोयर या माजी सैनिकाशी बोलणं झाल्यावर त्याने बसण्याऐवजी गुडघा टेकायला सुरुवात केली, कारण सैनिक आपल्या शहीद साथीदाराच्या थडग्यापुढे असाच गुडघा टेकवतात. म्हणजे ही खूण निवडली गेली तीच मुळी कुणाचा अनादर होऊ नये म्हणून. तरीही केपर्निकवर टीकेचा भडिमार झाला आणि त्या हंगामानंतर एकाही संघाने त्याला करारबद्ध केलं नाही.

25 मे 2020 रोजी मिनियापोलिस शहरात एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची मान गुडघ्याखाली दाबून धरली आणि त्यात त्याचा जीव गेला. त्यानंतर ही खूण जगभर पसरली. कोविडमुळे थांबलेली प्रीमियर लीग 17 जून रोजी अ‍ॅस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्याने पुन्हा सुरू झाली, तेव्हा शिट्टी वाजताच सगळे खेळाडू गुडघ्यावर बसले. पहिल्या बारा सामन्यांत खेळाडूंच्या पाठीवर स्वतःच्या नावाऐवजी ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ ही अक्षरं होती. निर्णय खेळाडूंचा होता. लीगने त्याला पाठिंबा दिला.

मैदानं मात्र रिकामी होती, त्यामुळे चाहत्यांच्या मनात काय आहे हे सहा महिने कळायला मार्ग नव्हता. एक इशारा तेवढा मिळाला. 22 जूनला मँचेस्टर सिटी आणि बर्नली यांच्या सामन्यावेळी मैदानावरून एक विमान गेलं. त्याच्या मागे ‘व्हाइट लाइव्ह्ज मॅटर बर्नली’ असा फलक होता. बर्नलीचा गोरा कर्णधार बेन मी याने सामना संपल्यावर, ज्यांनी हे केलं त्यांची लाज वाटते, असं स्पष्ट सांगितलं.

खरा प्रतिसाद ऐकू आला तो 5 डिसेंबर 2020 रोजी, आग्नेय लंडनमधल्या मिलवॉल क्लबच्या ‘द डेन’ या मैदानावर. मार्चनंतर प्रथमच प्रेक्षकांना आत सोडलं होतं, तेही फक्त दोन हजार. गुडघा टेकण्यामागे कुठलाही राजकीय हेतू नाही, असं मिलवॉलच्या खेळाडूंनी आदल्या दिवशी पत्रक काढून सांगितलं होतं. तरीही डर्बी काउंटीविरुद्धच्या त्या सामन्यात खेळाडूंनी गुडघे टेकताच गॅलरीतून हुर्यो उठली. हुर्यो उडवणारे पाहुण्या संघाचे नव्हते, घरचेच होते. नऊ महिने ज्यांच्या परतण्याची वाट पाहिली त्या चाहत्यांनी केलेलं हे पहिलं स्वागत. डर्बीचा कॉलिन काझिम-रिचर्ड्स मूठ उंचावून उभा राहिला. मिलवॉलचा कृष्णवर्णीय बचावपटू महलॉन रोमियो याने नंतर आपली व्यथा बोलून दाखवली: इतका अपमान त्याला कारकिर्दीत कधी वाटला नव्हता.

तीनच दिवसांनी, 8 डिसेंबरला, त्याच मैदानावर क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध सामना होता. या वेळी मिलवॉलने वेगळा मार्ग काढला. दोन्ही संघांचे खेळाडू हातात हात गुंफून उभे राहिले, विषमतेविरुद्धचा फलक त्यांनी धरला, आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. रेंजर्सच्या खेळाडूंनी त्यानंतर गुडघेही टेकले. त्याच संध्याकाळी पॅरिसमध्ये पॅरिस सेंट-जर्मेन आणि इस्तंबूल बशाकशेहिर यांचे खेळाडू मैदान सोडून गेले, कारण चौथ्या पंचाने बशाकशेहिरचे सहाय्यक प्रशिक्षक पिएर वेबो यांचा उल्लेख त्यांच्या वर्णावरून केला होता. तो सामना दुसऱ्या दिवशी नव्या पंचांसह पुन्हा सुरू झाला, तेव्हा दोन्ही संघ आणि पंच मधल्या वर्तुळाभोवती गुडघ्यावर बसले होते.

हुर्यो उडवणाऱ्यांचं म्हणणं एकच नव्हतं. काहींच्या मते ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ ही डाव्या, मार्क्सवादी विचारांची संघटना आहे आणि तिची खूण मैदानावर नको. वर्णद्वेषाच्या विरोधाला पाठिंबा म्हणजे त्या संघटनेला पाठिंबा नव्हे, हे लीगने वारंवार सांगितलं आणि पुढच्या हंगामात स्वतःचं वेगळं बोधचिन्ह आणलं. पण हा समज गेला नाही. काहींना दर सामन्याआधी उपदेश ऐकवला जातोय असं वाटत होतं. खेळात राजकारण नको, हे वाक्य तर सगळ्यांच्याच तोंडी होतं. आणि काहीजण निखळ वर्णद्वेष्टे होते.

यातलं राजकारणाचं कारण तपासून पाहिलं तर फार टिकत नाही. दर नोव्हेंबरमध्ये इंग्लिश क्लबांचे खेळाडू युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ शर्टावर लाल पॉपीचं चिन्ह लावतात, मैदानात शांतता पाळली जाते, आणि त्याला सहसा कुणी राजकारण म्हणत नाही. उलट उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात जन्मलेला जेम्स मॅक्लीन पॉपी लावायला नकार देतो म्हणून वर्षानुवर्षं त्याची हुर्यो उडवली गेली. म्हणजे आक्षेप खुणेला नव्हता. कोणती खूण आपली मानायची, याचा तो वाद होता.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हुर्योला शब्द नसतात. गॅलरीतला माणूस मनात मार्क्सवादाचा विरोध करत असेल किंवा नुसता कंटाळलेला असेल. मैदानावर गुडघा टेकलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूच्या कानावर एकच आवाज येतो, आणि तो आवाज त्याच्या ओळखीचा असतो. 1980 च्या दशकात इंग्लंडच्या मैदानांवर कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पायाशी केळी फेकली जात, माकडांचे आवाज काढले जात. 1984 मध्ये इंग्लंडच्या कृष्णवर्णीय जॉन बार्न्सने ब्राझीलविरुद्ध माराकाना मैदानावर अविस्मरणीय गोल केला. इंग्लंडने तो सामना 2-0 असा जिंकला. पण संघासोबत प्रवास करणाऱ्या ‘नॅशनल फ्रंट’ या अतिउजव्या संघटनेच्या समर्थकांनी बार्न्सचा गोल धरायला नकार दिला आणि निकाल 1-0 असाच सांगितला. वर्णद्वेषी घोषणा हा गुन्हा ठरवणारा कायदा 1991 मध्ये आला, ‘किक इट आउट’ ही मोहीम 1993 मध्ये सुरू झाली. हा इतिहास खेळाडूंच्या घराघरांत सांगितला जातो. म्हणून आपला हेतू वेगळा होता, हा चाहत्याचा खुलासा प्रामाणिक असला तरी खेळाडूपर्यंत पोचत नाही.

गुडघा टेकण्याविषयी शंका मात्र केवळ चाहत्यांनाच नव्हत्या. क्वीन्स पार्क रेंजर्सचे तेव्हाचे फुटबॉल संचालक लेस फर्डिनंड स्वतः कृष्णवर्णीय आणि इंग्लंडचे माजी खेळाडू. सप्टेंबर 2020 मध्येच त्यांनी म्हटलं की या कृतीचा परिणाम विरत चालला आहे आणि तिच्या आड कुणी काही प्रत्यक्ष करत नाही. मार्च 2021 मध्ये क्रिस्टल पॅलेसचा विल्फ्रेड झाहा सामन्याआधी उभा राहिला. गुडघा टेकणं त्याला मानहानीकारक वाटत होतं. ताठ उभं राहायलाच आईवडिलांनी शिकवलं, असं त्याचं म्हणणं. ब्रेंटफर्डच्या खेळाडूंनीही प्रत्यक्ष बदलाची मागणी करत ही प्रथा सोडली. या टीकेत आणि हुर्योत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. झाहाला वर्णद्वेषाविरुद्ध अधिक काही हवं होतं; हुर्यो उडवणाऱ्याला ते काही सेकंदही नको होते.

वाद शिगेला पोचला तो 2021 च्या जूनमध्ये, युरोपीय अजिंक्यपद (युरो) स्पर्धेच्या तोंडावर. मिडल्सब्रो इथे ऑस्ट्रिया आणि रुमानियाविरुद्धच्या सराव सामन्यांत इंग्लंडच्या खेळाडूंची इंग्लंडच्याच चाहत्यांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या सामन्यात इतर प्रेक्षकांनी टाळ्यांनी तो आवाज बुडवण्याचा प्रयत्न केला. प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी गुडघा टेकणं चालूच राहील असं जाहीर केलं आणि 8 जूनला देशवासीयांना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. समता आणि वर्णद्वेष यांसारख्या विषयांवर बोलणं हे खेळाडूंचं कर्तव्य आहे, असं त्यात त्यांनी मांडलं. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाने आपल्या खेळाडूंच्या पाठीशी इतकं ठाम उभं राहणं, तेही स्पर्धेच्या ऐन तोंडावर, ही मोठी गोष्ट होती.

राजकारण्यांची भूमिका तितकी सरळ नव्हती. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या कार्यालयाने सुरुवातीला हुर्योचा निषेध टाळला. नंतर, संघाला टाळ्यांनी साथ द्या, असं आवाहन केलं. गृहमंत्री प्रीती पटेल यांनी गुडघा टेकण्याला दिखाऊ राजकारण ठरवलं आणि हुर्यो उडवायची की नाही हा चाहत्यांचा प्रश्न आहे, असं म्हटलं.

इतर देशांतही तऱ्हा निराळ्या होत्या. बुडापेस्टमध्ये आयर्लंडच्या खेळाडूंची हुर्यो उडवली गेली, तेव्हा हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांनी प्रेक्षकांचीच बाजू घेतली. हंगेरियन माणूस देवापुढे, देशापुढे आणि प्रेयसीला मागणी घालताना गुडघा टेकतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. सेंट पीटर्सबर्गमध्ये बेल्जियमच्या संघाला शिट्ट्या ऐकाव्या लागल्या. रोमेलू लुकाकूने त्या सामन्यात दोन गोल केले. स्कॉटलंडचा संघ एरवी उभा राहत असे, पण लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडच्या खेळाडूंना साथ म्हणून त्यांनीही गुडघे टेकले. वेल्सविरुद्ध इटलीचे काही खेळाडू गुडघ्यावर होते आणि काही उभे.

11 जुलैला वेम्बलीवर इटलीविरुद्ध अंतिम सामना झाला. इंग्लंड पेनल्टी शूटआउटमध्ये 3-2 असं हरलं. मार्कस रॅशफर्ड, जेडन सँचो आणि अवघ्या एकोणीस वर्षांचा बुकायो साका या तिघांच्या पेनल्टी हुकल्या. तिघेही कृष्णवर्णीय. काही मिनिटांतच समाजमाध्यमांवर त्यांच्यावर गलिच्छ वर्णद्वेषी शिव्यांचा वर्षाव सुरू झाला. खेळाडू गुडघा का टेकत होते, हे वेगळं सांगायची गरज उरली नाही. पटेल यांनी या शिवीगाळीचा निषेध केला तेव्हा इंग्लंडचा बचावपटू टायरोन मिंग्ज याने जाहीरपणे सुनावलं: स्पर्धेच्या सुरुवातीला आमच्या संदेशाला दिखाऊ राजकारण म्हणून आगीत तेल ओतायचं आणि नंतर धक्का बसल्याचा आव आणायचा, हे चालणार नाही. मँचेस्टरच्या विदिंग्टन भागातल्या रॅशफर्डच्या भित्तिचित्रावर कुणीतरी खरडलं. तो मजकूर वर्णद्वेषी नव्हता, असं पोलिसांनी नंतर सांगितलं; पण तोवर शेकडो लोकांनी प्रेमाच्या चिठ्ठ्या चिकटवून ती भिंत झाकून टाकली होती. चाहत्यांचा हाही प्रतिसादच होता, आणि शिव्यांइतकाच खरा.

भारतीय प्रेक्षकांना हे अनुभव परके नाहीत. 24 ऑक्टोबर 2021 रोजी दुबईत टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी भारतीय क्रिकेटपटूंनी गुडघा टेकला होता. भारत दहा गड्यांनी हरला आणि त्याच रात्री मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून समाजमाध्यमांवर शिवीगाळ झाली. हरल्यावर संघातला कोण सर्वांत आधी ‘परका’ ठरतो, हे लंडनमध्ये आणि भारतात सारख्याच रीतीने दिसलं. कर्णधार विराट कोहलीने शमीची बाजू उघडपणे घेतली.

2 सप्टेंबर 2021 रोजी बुडापेस्टमध्ये विश्वचषक पात्रता सामन्यात इंग्लंडच्या रहीम स्टर्लिंग आणि जूड बेलिंगहॅम यांना वर्णद्वेषी आरडाओरड ऐकावी लागली. फिफाने हंगेरीला दंड ठोठावला आणि प्रेक्षकबंदीची शिक्षा दिली. युरो स्पर्धेतल्या हंगेरियन प्रेक्षकांच्या वर्तनाबद्दल युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाचीही बंदी होती. त्या बंदीतला सामना 4 जून 2022 ला इंग्लंडविरुद्धच झाला. नियमाप्रमाणे मुलं आणि त्यांच्यासोबत मोजकी मोठी माणसं एवढ्यांनाच प्रवेश होता, आणि तशी तीस हजारांहून अधिक मंडळी आली. इंग्लंडच्या खेळाडूंनी गुडघे टेकले, आणि मुलांनी भरलेल्या त्या गॅलरीनेही हुर्यो उडवली. या साऱ्या प्रकरणात याहून क्लेशदायक प्रसंग शोधून सापडणार नाही. दहा-बारा वर्षांची मुलं मार्क्सवादाविरुद्ध ओरडत नव्हती. मोठ्यांकडून ऐकलेलं तेवढं त्यांच्या तोंडून बाहेर पडत होतं.

ऑगस्ट 2022 मध्ये प्रीमियर लीगच्या कर्णधारांनी दर सामन्याऐवजी निवडक सामन्यांतच गुडघा टेकायचं ठरवलं. सवयीने खुणेची धार बोथट होते, हा फर्डिनंड यांचा मुद्दा एका अर्थी मान्य झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा बदलून, खेळाडूंना ऑनलाइन वर्णद्वेषी शिवीगाळ करणाऱ्यांनाही मैदानबंदी लागू करण्याची सोय झाली. मे 2024 मध्ये फिफाने एक वेगळी खूण मान्य केली: शिवीगाळ झालेला खेळाडू मनगटावर मनगट ठेवून हात आडवे धरतो, आणि पंचांनी त्याची दखल घेऊन सामना थांबवणं, तात्पुरता स्थगित करणं किंवा अखेर रद्द करणं अशी कारवाई करायची.

इंग्लंडच्या महिला संघाने जुलै 2025 मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. युरो स्पर्धेदरम्यान बचावपटू जेस कार्टरला ऑनलाइन वर्णद्वेषी शिव्या आल्या. त्यानंतर इटलीविरुद्धच्या उपांत्य सामन्याआधी संघाने गुडघा न टेकता उभं राहायचं ठरवलं, कारण त्या खुणेने हवा तो बदल होत नाही, असं खेळाडूंचं मत झालं होतं. त्यांनी पुढे स्पर्धाही जिंकली. महिनाभरातच, 15 ऑगस्टला, अ‍ॅनफिल्ड मैदानावर लिव्हरपूलविरुद्ध खेळताना बोर्नमथच्या अँटोइन सेमेन्योने गॅलरीतून वर्णद्वेषी शिवी ऐकली आणि पंचांना सांगितलं. पंचांनी विसाव्या ते तिसाव्या मिनिटांच्या दरम्यान सामना थांबवून दोन्ही प्रशिक्षकांना आणि कर्णधारांना बोलावलं. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर सेमेन्योने दोन गोल केले, आणि शिवीगाळीच्या प्रकरणात पोलिसांनी एका माणसाला अटक केली.