देशी बदामाची लाली

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात क्योतोमधील तोफुकुजीसारख्या मंदिरांच्या परिसरात मोमिजीची, म्हणजे जपानी मेपलची, पाने लाल होतात आणि दूरचे-जवळचे सारे टिपणारे एकच झूम भिंग बरोबर घेऊन देशोदेशीचे प्रवासी तेथे गर्दी करतात. परंतु ज्या रासायनिक घडामोडीतून हा सोहळा उभा राहतो, तीच आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतही, हिवाळा सरता सरता, देशी बदामावर घडत असते, आणि गुरुवारच्या बाजाराला जाणाऱ्यांपैकी फारच थोडे मान वर करून तिच्याकडे पाहतात, याची मला मनापासून खंत वाटते.

झाडाचा हा कारभार एखाद्या जुन्या दफ्तरदाराला शोभेल इतका चोख असतो. पानाला निरोप देण्यापूर्वी झाड त्यातील हरितद्रव्याचे विघटन करते, नत्र व स्फुरद यांचा बराचसा ऐवज वसूल करून फांदीच्या खजिन्यात जमा करते आणि देठाच्या मुळाशी पेशींचा नाजूक थर घडवून पान सुटे करते. हिरवा रंग ओसरला की आधीपासून दडलेली पिवळी कॅरोटिनॉइडे दिसू लागतात. लाल अँथोसायनिन मात्र पान अखेरच्या दिवसांत नव्याने तयार करते. गळणाऱ्या पानाने हा खर्च का करावा? वसुली पुरी होईपर्यंत प्रखर उन्हापासून पानाचे रक्षण व्हावे म्हणून, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. जपानात झाडांना थंडीचा व आखूड होत जाणाऱ्या दिवसांचा इशारा मिळतो. आपल्याकडे कोरडेपणाचा वाटा मोठा.

गेल्या माघात छावणीतील एका लहानशा देवळाच्या आवारात मी सकाळी आठच्या सुमारास उभा होतो. सूर्याकडे पाठ असताना बदामाचे पान मळकट विटकरी दिसत होते, कारण त्याच्या मेणचट पृष्ठावरून आकाशाचा पांढुरका प्रकाश परावर्तित होत होता. झाडाच्या पलीकडे जाऊन सूर्याकडे तोंड केले, तेव्हा तेच वीतभर पान निखाऱ्यासारखे उजळले आणि त्याची शीर न् शीर मोजता येऊ लागली. अँथोसायनिन हिरवा प्रकाश शोषून तांबडा तेवढा पुढे जाऊ देते, ते असे डोळ्यांना दिसले.

हे टिपायला प्रवाशांचे ते एकच झूम भिंग पुरते: १८ ते २०० मिलिमीटरच्या भिंगाने १८ वर शिखरासह सारे झाड चौकटीत येते, २०० वर एकच पान. मात्र या भिंगांचे छिद्र बहुधा एफ ३.५ वरून ६.३ पर्यंत आकसते, म्हणजे प्रकाश तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उरतो. भिंगातील कंपनरोधक सोय हाताचा थरथराट सावरते, वाऱ्यावर डोलणारे पान थोपवीत नाही. म्हणून शटर १/२५० सेकंदाहून संथ ठेवू नये, आयएसओ वाढवावा. तांबडा रंग भडक होऊन शिरा पुसल्या जातात, तेव्हा एक्स्पोजर किंचित कमीच धरावे. सावलीतल्या पानावरील चकाकी पोलरायझरने निघते. लष्करी हद्दीत परवानगीवाचून कॅमेरा काढू नये, हेही सांगून ठेवतो.

चैत्रात पिंपळाची कोवळी पालवी अँथोसायनिनमुळेच तांबूस दिसते, आणि तिलाही हीच रीत लागू पडते. पिंपळ थोडा काळ थांबेल. बदामाचे गळलेले पान लवकरच तपकिरी पडते, म्हणून ते झाडावर असतानाच, सकाळच्या उन्हात, सूर्याकडे तोंड करून टिपावे.