ऐंशी टक्के म्हणजे किती?

भोर-वेल्ह्याकडे धरणाचा विषय निघाला की दोन वाक्यं एकापाठोपाठ ऐकू येतात: ‘धरण झालं’ आणि ‘पाणी आलं नाही’. दोन्ही खरी असतात. भोर तालुक्यातल्या नीरा-देवघर धरणात पाणी साठू लागलं, तरी भोर, खंडाळा, फलटण आणि माळशिरससाठी आखलेले कालवे पुढे कित्येक वर्षं अपुरे राहिले. वेल्ह्यात धानेपजवळ ३.६९ टीएमसी क्षमतेचं गुंजवणी धरण उभं राहिलं; वेल्हे, भोर आणि पुरंदरला पाणी नेणाऱ्या बंद नळांचं काम मागे पडलं. अशा प्रकल्पाबद्दल ‘इतके टक्के पूर्ण’ असं सांगितलं जातं, तेव्हा तो आकडा कसा निघतो? एकही नोंद खोटी नसताना तो आपली दिशाभूल करू शकतो, हे मला इथे दाखवायचं आहे.

नियोजनाच्या कामात मी मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट वापरतो, म्हणून त्याचाच हिशेब सांगतो. त्यात मोठ्या कामाच्या ओळीखाली त्याची उपकामं लिहितात. वरच्या ओळीला ‘समरी टास्क’ म्हणतात. तिची टक्केवारी सॉफ्टवेअर उपकामांवरून काढतं. रीत अशी: सगळ्या उपकामांच्या झालेल्या दिवसांची बेरीज करायची आणि तिला त्यांच्या एकूण दिवसांच्या बेरजेने भागायचं.

एक काल्पनिक धरण घेऊ. भिंतीला ६०० दिवस, सांडव्याला २००, नळ टाकायला १५० आणि पुनर्वसनाला ५०. एकूण १,००० दिवस. भिंत आणि सांडवा पुरे झाले, बाकी दोन्ही कामांना हातही लागलेला नाही. झालेले दिवस ८००. वरच्या ओळीत आकडा येतो ८० टक्के.

चार कामांच्या टक्केवारीची साधी सरासरी काढली तर उत्तर ५० येतं. सॉफ्टवेअर तशी सरासरी काढत नाही. ज्याचे दिवस जास्त, त्याचं वजन जास्त.

आता माणसं मोजू. भिंतीवर रोज ५० जण, सांडव्यावर २५, नळांवर ४०० आणि पुनर्वसनाच्या कामावर १००. दिवसांनी गुणलं तर अनुक्रमे ३०,०००, ५,०००, ६०,००० आणि ५,००० मनुष्यदिवस होतात. एकूण एक लाख. त्यांतले झाले ३५,०००. ‘काम पूर्ण’ या वेगळ्या रकान्यात सॉफ्टवेअर ३५ टक्के दाखवील. धरण तेच, दिवस तोच. एका रकान्यात ८०, शेजारच्या रकान्यात ३५. अहवालात कोणता रकाना छापायचा, हे मात्र माणूस ठरवतो.

याहून महत्त्वाची गोष्ट ‘माइलस्टोन’ची, म्हणजे मैलाच्या दगडाची. ‘शेतात पाणी पोचलं’ ही अशीच एक ओळ. ती घटना असते, तिला कालावधी नसतो. वेळापत्रकात तिच्यापुढे शून्य दिवस लिहितात. शून्य दिवसांचं बेरजेतलं वजनही शून्य. ज्या कारणासाठी धरण बांधलं, त्याचाच त्या ८० टक्क्यांत काही वाटा नसतो.

काम किती मोठं आहे आणि किती निर्णायक आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याची सर्वांत कडू आठवण वेल्ह्याकडचीच आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचा बांधही टिकला नाही आणि पुण्यात हाहाकार उडाला. पानशेतचा मातीचा बांध उभा होता, पाणीही अडवलं होतं. पाणी सोडण्याच्या व्यवस्थेचं काम मात्र अपुरं होतं. तेव्हा असं सॉफ्टवेअर नव्हतं, त्यामुळे दोष त्याचा नाही. पण बांधाच्या प्रचंड भरावापुढे दारांचं उरलेलं काम कोणत्याही बेरजेत किरकोळच दिसलं असतं.

टक्केवारी टाकून द्यावी, असं मी म्हणणार नाही. कंत्राटाचा वेग पाहायला ती उपयोगी आहे. ती कधी खालीही येते: नवं उपकाम जोडलं किंवा उरलेल्या कामाचे दिवस वाढले की ८० चे ७० होतात. अशा वेळी आरडाओरडा होतो, पण खाली आलेला आकडा बऱ्याचदा आधीच्यापेक्षा प्रामाणिक असतो.

वाचणाऱ्याने एवढंच विचारावं: हे टक्के कशाचे? दिवसांचे, मनुष्यदिवसांचे, की खर्चाचे? आणि त्यांच्या शेजारी तीन साधे आकडे मागावेत: किती किलोमीटर नळ टाकले, किती कुटुंबांना जमीन मिळाली, किती हेक्टर भिजले. काल्पनिक धरणात या तिन्हींचं उत्तर शून्य आहे. त्याच्या वरच्या ओळीत तरीही ८० टक्केच लिहिलेले असतील, आणि बेरीज अगदी बरोबर असेल.